मोबाईलचा बाजार आणि मोबाईलची बैठक

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





'मोबाईल आणि आपली मुले' या विषयावर मी चार शब्द बोलावे, असे संस्थेने मला सांगितले. विषय ऐकताच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला असेल, तो म्हणजे मुलांच्या हाती मोबाईल द्यावा की न द्यावा. हा प्रश्न खोटा नाही. प्रत्येक पालकसभेत तो मला विचारला जातो. परंतु आज मला आपल्यापुढे त्याच्याही आधीचा प्रश्न मांडावयाचा आहे. हा मोबाईल घडवितो कोण, तो कसा चालावा हे ठरवितो कोण, आणि त्या ठरविणाऱ्या माणसांत आपली मुले केव्हा बसणार?

मी इंजिनिअर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा एक शिक्षक आहे. तेव्हा मोबाईलच्या पोटातील यंत्राविषयी मी अधिकाराने बोलू शकणार नाही. पण २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात दिल्लीला जाऊन जे पाहिले, त्यावरून जो विचार मनात आला तो आपल्यापर्यंत पोहोचविणे मी माझे कर्तव्य समजतो.

दिल्लीत दरवर्षी 'इंडिया मोबाईल काँग्रेस' नावाचा मोठा मेळा भरतो. येथे काँग्रेस म्हणजे सभा, परिषद. मी जाणार म्हणून सांगितले तेव्हा गल्लीतल्या एका चाचांनी मला कोणत्या पक्षाचे तिकीट मिळाले याची चौकशी केली होती, म्हणून हा खुलासा! केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग आणि मोबाईल कंपन्यांची संघटना मिळून २०१७ पासून हा मेळा भरवितात. २०२२ साली याच मेळ्यात आपल्या देशात '५ जी' सेवेचा प्रारंभ झाला. २०२४ चा मेळा १५ ते १८ ऑक्टोबर या काळात 'भारत मंडपम्' येथे होता. प्रदर्शन पाहण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. ते मी मोबाईलवरूनच नोंदविले, रजा काढली, नांदेडला जाऊन सचखंड एक्सप्रेस पकडली आणि दोन दिवस तो मेळा पायी हिंडून पाहिला.

आपल्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम सुरू झाला की जी गर्दी उसळते, तिची आठवण व्हावी अशी तेथील गर्दी होती. चारशेहून अधिक कंपन्या व संस्था आपला माल मांडून बसल्या होत्या, आणि सुमारे नऊशे नवउद्योग आपली कल्पना घेऊन आले होते. शंभरावर देशांतून माणसे आली होती. कोठे पिकावर फवारणी करणारे ड्रोन, कोठे दूरच्या गावातील रुग्णाची तपासणी शहरातील डॉक्टरला दाखविणारी साधने, तर कोठे मनोऱ्याऐवजी थेट उपग्रहाशी बोलणारी यंत्रे. पाहून डोळे दिपतात. आणि बाजाराचा तर उद्देशच तो असतो. जो येईल त्याला बाजार प्रेमाने बोलावितो, पाणी देतो, पिशवी देतो, कारण तो उद्याचा गिऱ्हाईक असतो.

परंतु मित्रहो, त्याच आवारात, त्याच दिवसांत, दुसरीही एक सभा भरली होती, आणि तिच्या दालनात आम्हा प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तिचे नाव 'जागतिक दूरसंचार मानकीकरण सभा'. ती दर चार वर्षांनी भरते, आणि १५ ते २४ ऑक्टोबर २०२४ या काळात भारतात प्रथमच भरली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून आय.टी.यू. म्हणतात, ती ही सभा भरविते. गळ्यात ओळखपत्रे अडकविलेले देशोदेशीचे प्रतिनिधी आत जात होते, येत होते. त्यांत काळे होते, गोरे होते, हिजाब घातलेल्या स्त्रिया होत्या, साडी नेसलेल्या स्त्रिया होत्या. आत काय चालले आहे याची बाहेरच्या गर्दीला फिकीर नव्हती. पण खरे सांगावयाचे तर बाहेरच्या बाजारात जे काही मांडले होते, त्याचे पुढचे रूप त्या आतल्या बैठकीत ठरत होते.

मानक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावे म्हणून आपल्याच मुलखाचे उदाहरण देतो. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा येथे हाली सिक्का चालत असे आणि शेजारच्या इंग्रजी अमलात कलदार रुपया. सोलापूरला माल घेऊन जाणाऱ्याला सरहद्दीवर पैसा बदलून घ्यावा लागे आणि त्या बदलात काही तरी गमवावे लागे. तारेचीही यूरोपात एके काळी हीच गत होती. एका देशाच्या सरहद्दीपर्यंत तार आली की ती कागदावर उतरवून घ्यायची, पलीकडच्या माणसाच्या हाती द्यायची, आणि त्याने ती आपल्या यंत्रावर पुन्हा पाठवायची. हा खटाटोप संपविण्यासाठी १७ मे १८६५ रोजी वीस राष्ट्रांनी पॅरिस येथे एकत्र बसून करार केला. तीच आज आय.टी.यू. या नावाने संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात काम करते. आज तिचे १९४ सदस्य देश आहेत.

त्या कराराचे फळ आपल्या घरात पाहा. आपली वडीलधारी माणसे हजला जातात. मक्केहून ती वसमतला फोन लावतात आणि इकडे घरातील सर्व मंडळी भोवती गोळा होतात. भारताचा क्रमांक ९१, सौदी अरबचा ९६६. हे आकडे कोणा दुकानदाराने ठरविलेले नाहीत. कोणत्या देशाला कोणता क्रमांक, एकूण आकडे किती असावेत, हे सर्व आय.टी.यू.च्या मानकात लिहिलेले आहे. मुले मोबाईलवर जी चित्रफीत पाहतात, ती एवढ्याशा जागेत कशी मावते? तिला आवळून बांधण्याची 'एच. २६४' नावाची एक रीत आहे. २००३ मध्ये आय.टी.यू. व दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी मिळून ती ठरविली. आणि २०२४ च्या दिल्लीच्या सभेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मानकांविषयीही ठराव झाला. म्हणजे पुढील दहा वर्षांत आपल्या नातवंडांच्या हातात जे येणार, त्याची बोलणी आजच सुरू आहेत.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, ही मोठ्या लोकांची बोलणी, आपण वसमतकर तेथे काय करणार? तर मी नम्रपणे म्हणेन की बैठकीत कोण बसतो यावर फार काही अवलंबून असते. याचे दोन दाखले देतो.

पहिला दाखला टेलिफोनचा. १९८४ मध्ये आपल्या सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. परदेशी एक्सचेंज यंत्रे थंड, वातानुकूलित खोलीत ठेवावी लागत. आपल्या खेड्यात तर वीजच येई-जाई. सी-डॉटच्या तरुण इंजिनिअरांनी १२८ जोडण्यांचे एक लहान ग्रामीण एक्सचेंज तयार केले. ते उन्हात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे होते. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसविले गेले. पुढे गावोगाव जे पिवळे एस.टी.डी. बूथ उभे राहिले, ज्यांवर आपल्यापैकी कित्येकांनी रांगेत उभे राहून फोन लावले असतील, त्यांच्यामागे हेच स्वदेशी काम होते. ऊन आणि धूळ म्हणजे काय हे ज्याला माहीत होते तो माणूस यंत्राच्या आखणीला बसला, म्हणून हे घडले. हीच सी-डॉट आजही काम करते. २०२३ मध्ये आपल्या सर्वांचे मोबाईल एकाएकी मोठ्याने वाजू लागले आणि पडद्यावर सरकारचा संदेश आला, तेव्हा घराघरांत घबराट झाली होती. ती पूर, भूकंप, वादळ यांची पूर्वसूचना देण्याच्या यंत्रणेची चाचणी होती, आणि ती यंत्रणाही सी-डॉटनेच बनविली.

दुसरा दाखला भाषेचा, म्हणजे माझ्या विषयाचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील खोल जागा. एका शब्दात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज पडत नाही, मराठीला पडते. संगणकाच्या अक्षरसंकेतात या 'र'ची सोय कोणी केली? मराठी जाणणारा कोणी तरी त्या कामात होता, म्हणून ती झाली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात तिने मोठा वाटा उचलला. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. उर्दूचे दुखणे तर याहून मोठे. नस्तालिक लिपी तिरपी उतरते, एकाच अक्षराची कितीतरी रूपे होतात. म्हणून छपाईची यंत्रे आली तरी उर्दू वर्तमानपत्रे कातिब मंडळी हातानेच लिहीत असत. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' हा कार्यक्रम तयार केला आणि उर्दूचे पान संगणकावर उतरू लागले. पुढे २०१६ मध्ये भारतीय मानक ब्युरोने नियम काढला की मोबाईलवर आपल्या सर्व २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत. आज आपण घरी आजीला मराठीत आणि खालाला उर्दूत संदेश पाठवितो, तो या सर्व कामाच्या जोरावर. जी भाषा जाणणारा माणूस बैठकीत नसतो, त्या भाषेचे अक्षर यंत्रात नसते. हे वाक्य, मुलांनो, आपल्या वहीत लिहून ठेवा.

त्या मेळ्यात नवउद्योगांचा एक स्वतंत्र भाग होता. मला सर्वांत अधिक आनंद तेथे झाला. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापासून दूर, लहानशा टेबलांमागे विशी-पंचविशीतील मुले-मुली उभी होती. एका टेबलावर जमिनीतील ओलावा मोजून शेतकऱ्याच्या मोबाईलवर कळविणारे एक साधे यंत्र होते. ते दाखविणारी मुलगी मराठी बोलणारी निघाली. मी तिला विचारले की हे पहिल्याच खेपेस साधले काय? तिने हसून सांगितले की आधीचे नमुने उन्हाने आणि पाण्याने बंद पडले होते, प्रत्येक वेळी कारण शोधून पुन्हा नव्याने जुळणी केली. मला तिच्या यंत्रापेक्षा तिचा तो धीर महत्त्वाचा वाटला. आपल्या शाळेतील प्रयोगवहीत असा एकही प्रयोग सापडत नाही की ज्याचे उत्तर चुकलेले आहे. मुलांना चुकण्याची व कारण शोधण्याची मुभा आपण शिक्षकांनीही दिली पाहिजे.

आता दिल्लीहून वसमतला येऊ. आपल्या गावात हुन्नर नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. बाजारपेठेतील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन पाहा. चौदा-पंधरा वर्षांची आपली मुले हीट गनने डिस्प्ले उतरवितात, कॉम्बो बदलतात, चार्जिंग जॅक झाळतात. डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी त्यांचा हात अचूक चालतो. आपला समाज पिढ्यान् पिढ्या हाताच्या कसबावर जगला. कापूस पिंजणारे, बांगड्या भरणारे, कपडे शिवणारे, गाड्या दुरुस्त करणारे आपणच. पण त्या दुकानातील मुलाला विचारा, हा सुटा भाग कशाने बनला, यातून वीज कशी वाहते, हा जळतो का? तो म्हणतो, ते आपल्याला ठाऊक नाही, हा काढायचा आणि नवा बसवायचा. शाळा नववीतच सुटलेली असते. हुन्नर आहे, इल्म नाही. आणि हुन्नराला इल्माची जोड नसेल तर मोबाईलचे मॉडेल बदलले की कारागीर जुना होतो. मग तो पुन्हा पहिल्या पायरीवर.

मुलींची स्थिती याहून बिकट आहे. दहावीला चांगले गुण मिळविणारी मुलगी पुढच्या वर्षी दिसत नाही. कारण विचारले तर कॉलेज दूर आहे, खर्च परवडत नाही, काळ वाईट आहे, असे सांगतात. आणि पुष्कळदा शेवटी म्हणतात, मोबाईलमुळे मुली बिघडतात. बंधूंनो, मोबाईलची भीती खरी आहे, ती मी नाकारीत नाही. फसवणूक होते, वेळ जातो, झोप जाते. पण मोबाईलच्या भीतीने मुलीची शाळा काढून घेतली तर मोबाईल जातो काय? मोबाईल घरात राहतो, शाळा मात्र जाते.

म्हणून पालकांना माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली विनंती. मुलगा दुकानात बसत असेल तर अवश्य बसू द्या, पण दहावी सोडू देऊ नका. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. दहावीनंतर आय.टी.आय.चा इलेक्ट्रॉनिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केला की पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. शासकीय तंत्रनिकेतन हिंगोलीला आहे, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेले श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय नांदेडला. म्हणजे दुकानाच्या बाकावरून इंजिनिअरच्या टेबलापर्यंत जिना आहे. पायऱ्या चढावयाच्या तेवढ्या राहिल्या आहेत.

दुसरी विनंती मुलींसाठी. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एस.ई.बी.सी. व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ होईल. बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला वेळेवर काढलेला नसतो! मुलगी नववीत गेली की जातीच्या दाखल्याची आणि उत्पन्नाच्या दाखल्याची फाईल तयार करावयास घ्या. निकालानंतर तहसील कचेरीत धावपळ करण्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. हे मी दरवर्षी डोळ्यांनी पाहतो.

तिसरी विनंती. घरात मोबाईलची वेळ आणि जागा ठरवा. तो सर्वांच्या बसण्याच्या खोलीत वापरला जावा, रात्री पालकांच्या उशाशी राहावा. पण हा नियम मुलगा व मुलगी दोघांना सारखा असावा, आणि जेवताना अब्बांनीही तो पाळावा. आणि त्याच मोबाईलवर बालभारतीची मराठी व उर्दू पाठ्यपुस्तके मोफत उतरवून घेता येतात, 'दीक्षा'वर पाठ पाहता येतात, हे मुलांच्या शेजारी बसून एकदा पाहावे. शेजारी बसणारा पालक हे सर्वांत चांगले कुलूप आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. गणिताला भिऊ नका, कारण त्या मोबाईलच्या पोटात दुसरे काही नाही, गणितच आहे. इंग्रजी शिका, कारण बैठकीत ती बोलली जाते. आणि मराठी-उर्दू सोडू नका, कारण आपल्या माणसाची गरज तुम्हाला त्याच भाषांत कळणार आहे. हळदीचा शेतकरी मोंढ्यात येण्यापूर्वी मोबाईलवर सांगलीचा आणि निझामाबादचा भाव पाहतो. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या शेतकऱ्याला काय हवे आहे, कोणती हळद शिजविताना बिघडते, हे मुंबई-बंगळूरच्या इंजिनिअरला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापुढे मुद्दा इतकाच आहे की हे ज्ञान यंत्रात उतरविण्याचे शिक्षण तुम्ही घेणार की नाही.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या दाराशी येतील. त्यांच्यासाठी चहा नेणारे हात आपल्याकडे आहेतच, आणि त्या कामात कमीपणा काही नाही. पण त्यांच्या शेजारी बसून आकडेमोड करणारे डोकेही आपलेच असावे, अशी इच्छा बाळगणे हा गुन्हा नव्हे.

भारतातील पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत असे आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. आज तो मजुराच्या खिशात आहे. म्हणजे गिऱ्हाईक होणे आता फार सोपे झाले आहे, ते आपण सर्व जण झालोच आहोत. बाजाराचे दार पैशाने उघडते. बैठकीचे दार इल्माने उघडते, आणि ते उघडावयास पंधरा-वीस वर्षांची तयारी लागते. ती तयारी पहिलीच्या वर्गात सुरू होते. आपल्या संस्थेचे वर्ग त्यासाठीच आहेत.

मुलांना त्या वर्गात टिकवून ठेवा, एवढेच मागून मी आपले भाषण संपवितो. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!